डायलिसिसनंतरचे १६० तास

किडनी निकामी झाली की मशीनने रक्त शुद्ध करावं लागतं, ते डायलिसिस. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास, डायलिसिस घेणारा पेशंट आम्हा नर्सच्या नजरेसमोर आठ तास असतो. आठवड्याचे तास १६८. उरलेले १६० तास तो घरी असतो, कामावर असतो, एसटीत असतो, लग्नाच्या पंगतीत असतो, आणि त्याचा बराचसा त्रास याच तासांत सुरू होतो. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मी 'हिमोडायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या आरोग्यसमस्या व त्यांचे व्यवस्थापन' हा विषय निवडला तो याच कारणाने. विषय काही नवा नाही. कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत या धर्तीचे प्रबंध सापडतात. त्यांत समस्या पेशंटला विचारून लिहिलेल्या असतात, व्यवस्थापन मात्र पुस्तकातून उतरवलेलं असतं. पेशंट स्वतः घरी त्या त्रासावर काय करतो, त्याची बायको काय करते, सासू काय सुचवते, हे विचारायचं राहून जातं. मला नेमकं तेच विचारायचं होतं.

सोलापुरातल्या डायलिसिस युनिटमध्ये मी बरीच वर्षं काम केलं आहे. आमच्याकडे पूर्व भागातले यंत्रमाग कामगार येतात, विडी घरकुलातल्या बायका येतात, अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूरकडचे शेतकरी येतात, सीमेपलीकडून इंडीकडचेही येतात. एका हॉलमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच वेळी ऐकू येते. बहुतेकांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. त्यामुळे मशीनपर्यंत पोचणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. मशीनवरून उठल्यावर काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याला बघावं लागतं.

प्रबंधाला सैद्धांतिक चौकट लागते. गाईड मॅडमनी दोन-तीन नावं सुचवली, मी नर्सिंगच्या अभ्यासक डोरोथिया ओरेम यांचा स्वतःच्या देखभालीचा सिद्धांत घेतला. माणूस स्वतःची काळजी स्वतः घेत असतो. ती घ्यायला तो कमी पडतो तिथे नर्स लागते. आणि नर्सने कधी सगळं करायचं, कधी अर्धं करायचं, तर कधी फक्त शिकवून पाठीशी उभं राहायचं, असा त्याचा गाभा. डायलिसिसच्या चार तासांत आम्ही जवळजवळ सगळं करतो. बाकी आठवडाभर फक्त शिकवलेलं कामाला येतं. चौकट विषयाला इतकी चपखल बसली की सिनॉप्सिसचं, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचं, ते प्रकरण मला ओढून-ताणून लिहावं लागलं नाही.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्याकडच्या मुली तिला नुसता एक शिक्का समजतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार असतो आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सर्वसामान्य माणूसही असतो. माझा विषय साधा, फक्त प्रश्न विचारायचे, औषध नाही, सुई नाही. तरी त्यातल्या वकील सदस्यांनी विचारलं, "पेशंटच्या हातात सुया असताना, समोर तुम्हीच नर्स असताना, तो तुम्हाला नाही कसं म्हणेल?" प्रश्न अगदी बरोबर होता. मशीनला जोडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याला वाटणार, नाही म्हटलं तर पुढच्या वेळी सुई दुखेल अशी लागेल. म्हणून ठरलं की संमती बाहेरच्या बाकावर, डायलिसिस सुरू होण्याच्या आधी घ्यायची. माहिती सांगणारी व्यक्ती युनिटमध्ये काम न करणारी असेल. आणि ज्याला विचार करायचा आहे त्याने पुढच्या वेळी सांगितलं तरी चालेल. सही न येणाऱ्यांचा अंगठा घेताना शेजारी तटस्थ साक्षीदार. काहींनी नाही म्हटलं. त्यांनी ते मोकळेपणाने म्हटलं, याचं मला समाधान आहे. संशोधनातली संमती खरी आहे की नाही, हे नाही म्हणणाऱ्यांवरूनच कळतं.

प्रश्नावली बनवताना तयार साधनं पाहिली. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या जीवनमानासाठी केडीक्यूओएल नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात खाज, पेटके, थकवा, धाप, झोप सगळं आहे आणि त्याचा किती त्रास होतो हे गुणांत मोजता येतं. पण पेशंट घरी त्यावर काय करतो, हा माझा दुसरा प्रश्न तिच्यात नाही. म्हणून मी मुलाखतीचा तक्ता स्वतः तयार केला. डावीकडे त्रास, मध्ये तो कधी आणि किती, आणि उजवीकडे मोठी रिकामी जागा: 'यावर तुम्ही घरी काय करता?' आणि खाली 'हे तुम्हाला कोणी सांगितलं?' तज्ज्ञांकडे तपासायला पाठवल्यावर एकांनी शेरा मारला की या रिकाम्या जागेचं संख्याशास्त्रीय विश्लेषण कसं करणार. शेरा रास्त होता, पण ती जागा मी काढली नाही. उत्तरं आल्यावर त्यांचे गट पाडू, असं उत्तर लिहून पाठवलं. तेलुगू आणि कन्नड प्रती करून घेतल्या, त्या दुसऱ्यांकडून उलट मराठीत करवून मूळ तक्त्याशी ताडून पाहिल्या, थोड्या पेशंटवर आधी करून पाहायचा पायलट स्टडी झाला, आणि काम सुरू झालं.

मुलाखत कधी घ्यायची, हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. पहिला अर्धा तास सुया, नळ्या, बीपी यांत जातो. शेवटच्या तासात पाय वळतात, डोकं दुखतं, माणूस घड्याळाकडे बघत असतो. मधला दीड-दोन तास बरा. त्यातही शेजारच्या बेडवर कान असतात. म्हणून पैशाचे, झोपेचे, नवरा-बायकोच्या संबंधांचे प्रश्न मी बाजूला काढले आणि ते बाहेर, वेगळ्या खोलीत विचारले. पुढे असा अभ्यास करणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवावं. पडद्याआड विचारलं तरी आवाज पडद्याआड राहत नाही.

आता सापडलं काय. थकवा जवळजवळ सगळ्यांनी सांगितला, तो अपेक्षितच होता. पण जिथे गप्पा थांबत नव्हत्या तो विषय तहानेचा. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. अशा दिवसांत लघवी जवळपास बंद झालेल्या माणसाला आम्ही सांगतो, आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली त्यात अर्धा लिटर मिळवा, तेवढंच दिवसभराचं पाणी. ज्या मशीनवर तो झोपतो, तिथे मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांत साधारण १२० लिटर डायलिसिसचं द्रावण त्याच्या रक्ताशेजारून वाहून जातं. आणि त्याला स्वतःला एक गडू पुरवून प्यायचा असतो. त्यातही त्या अर्ध्या लिटरमध्ये चहा आला, आमटी आली, ताक आलं, कलिंगडाची फोड आली, बर्फाचा खडा आला.

'पाणी कमी प्या' हे वाक्य प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मीठ आणि तहान यांचा संबंध मात्र फार थोड्यांना कोणी समजावून सांगितला होता. साधारण आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की रक्तातलं प्रमाण राखायला शरीर एक लिटर पाणी मागतं. ती मागणी मनाच्या निग्रहाने थोपवता येत नाही. म्हणून माझं ठाम मत झालं आहे की पेशंटला आधी मीठ शिकवावं, पाणी मग. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा. आता आपल्याकडचं ताट डोळ्यांपुढे आणा: कडक भाकरी, शेंगा चटणी, लोणचं, पापड, वर आमटी. चहाबरोबर खारी. शेंगा चटणीत मिठाबरोबर फॉस्फरसही, आणि फॉस्फरस वाढला की खाज वाढते. ज्या माणसाने आयुष्यभर चटणी-भाकरीवर माग चालवला त्याला 'चटणी बंद' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तो बंद करत नाही, आणि आम्हाला सांगतही नाही. थोडी, आणि मिठाशिवाय कुटलेली, असं सांगितलं की निदान बोलणं तरी सुरू राहतं.

दोन गोष्टी इथेच सांगते, कारण त्या वारंवार पुढे आल्या. सैंधव म्हणजे वेगळं काही नाही, त्यातही सोडियमच असतं. आणि दुकानात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात सोडियमचा काही भाग कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीच्या पेशंटला ते साध्या मिठापेक्षा धोक्याचं. मुलाने प्रेमाने महागाची पुडी आणलेली असते.

तहानेवरचे घरगुती उपाय उजवीकडच्या रकान्यात इतके आले की जागा पुरेना. लवंग चघळणं, चूळ भरून टाकणं, लिंबाची फोड जिभेला लावणं, ओला पंचा मानेवर ठेवणं, तांब्याऐवजी देवघरातल्या छोट्या फुलपात्राने पिणं. यातलं बरंचसं आमच्या पुस्तकांत आहेच. पण एका मामांची पद्धत मी कुठे वाचली नव्हती. ते सकाळी दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून भरतात. चहा घेतला की कपभर पाणी त्या बाटलीतून तुळशीला घालतात. आमटी घेतली की वाटीभर ओततात. गोळ्या घेताना प्यायलेलं पाणी तर बाटलीतलंच. म्हणजे बाटलीत जे उरलंय तेच आज प्यायला उरलंय, आकडेमोड नाही, वही नाही. मामा शाळेत फारसे गेलेले नाहीत. दोन डायलिसिसमधलं त्यांचं वजन वाढतं तेही हिशोबात असतं. मी विचारलं, हे कोणी सांगितलं? "कोण सांगणार, सिस्टर? नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय. पाणी पुरवायची सवयच हाय आमच्या घरात."

दुसरा मोठा धागा बीपीचा. मशीनवर बीपी एकदम पडणं, डोळ्यांपुढे अंधारी, उलटी, पायांत पेटके. बऱ्याच जणांनी सांगितलं की बीपी पडू नये म्हणून ते घरून निघताना लोणचं-भाकरी खाऊन येतात, कोणी खिशात खारे शेंगदाणे ठेवतात. मीठ खाल्लं की बीपी वाढतो, हे त्यांनी ऐकलेलं. त्यांच्या दृष्टीने हे व्यवस्थापनच. पण हा धागा पुढे ओढला की काय होतं पाहा. मीठ खाल्लं, तहान लागली, पाणी प्यालं, वजन चार किलोंनी वाढलं. पन्नास किलोच्या माणसाच्या अंगातून चार तासांत चार लिटर काढायचे म्हणजे तासाला एक लिटर. किलोमागे तासाला तेरा मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये, असं सांगतात. या माणसाला तो हिशोब साडेसहाशे मिलिलिटरचा येतो. एवढ्या वेगाने पाणी ओढलं की बीपी पडणारच, पाय वळणारच. मग पुढच्या वेळी तो दुप्पट लोणचं खाऊन येतो. नुसता त्रास विचारला असता तर माझ्या तक्त्यात 'बीपी कमी होणे' एवढी एक खूण झाली असती. उपाय विचारला म्हणून कारण हाती लागलं.

डाळिंबाचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाला काय तोटा! किडनी निकामी झाली की रक्त बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी बनतं, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. त्याला इंजेक्शन लागतं, लोह लागतं. घरच्यांना रिपोर्टमध्ये 'रक्त कमी' एवढंच दिसतं. मग आई रोज डाळिंबाचा रस देते, कोणी बीट उकडतं, कोणी नारळपाणी आणतं. या सगळ्यात पोटॅशियम भरपूर. ते किडनीतून बाहेर पडत नाही, साठलं की हातपाय गळतात, हृदयाचे ठोके चुकतात, आणि काही वेळा कसलीही सूचना न देता हृदय थांबतं. दोन डायलिसिसमधलं अंतर जेवढं लांबतं तेवढा हा धोका वाढतो. हे सांगताना आवाज फार सांभाळावा लागतो. रस देणारी आई चूक करत नसते, तिच्या हातात जे आहे ते ती करत असते. तिला मी पर्याय दिले: सफरचंदाच्या दोन-चार फोडी, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून टाकायचं आणि मग फोडणीला घालायची. आता करायला दुसरं काही आहे, हे कळलं की रस आपोआप थांबतो.

फिस्टुलाच्या काळजीत मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून केलेली ही वाट म्हणजे पेशंटची जीवनवाहिनी. तिच्यावर बोट ठेवलं की थरथर जाणवते, आणि ती रोज तपासायची असते. थांबली तर उद्याची वाट न बघता तडक दवाखाना. एक जुने यंत्रमाग कामगार झोपायच्या आधी आणि उठल्यावर दोन बोटं ठेवून बघतात. मला म्हणाले, "आत माग चालू हाय. बंद पडला की हाताला कळतंय." थरथर कशी ओळखायची हे मी आजवर नाना प्रकारे समजावलं होतं. पूर्व भागातल्या पेशंटना आता मी त्यांच्याच शब्दांत सांगते आणि एका वाक्यात समजतं.

विडी वळणाऱ्या एका आक्कांचा फिस्टुला डाव्या हाताला. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि हात कोपरात वाकलेले तासन् तास. सुपाची कड नेमकी फिस्टुलावर दाबली जायची. विडी सोडा म्हणणं शक्य नव्हतं. डायलिसिसच्या दिवशी मजुरी बुडते ती बुडतेच, उरलेल्या दिवसांतच हजार विड्यांची हजारी भरायची असते. त्यांनी स्वतःच सुपाच्या कडेला जुन्या चादरीची पट्टी जाड गुंडाळून शिवली होती, आणि प्रत्येक जुडी बांधून झाली की हात सरळ करून दोन-चारदा मूठ उघडझाप करत होत्या. मी त्यात एकच भर घातली: सुया काढल्यानंतर जखम बंद होईपर्यंत तंबाखूला हात नाही, आणि दवाखान्यात येताना हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचा. हे त्यांनी शेजारच्या बायकांनाही दाखवलं.

बाजूच्या खोलीत जे ऐकलं ते इथे फार लिहिणार नाही. योजनेत डायलिसिस होतं, पण येण्या-जाण्याचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, काही औषधं घरच्यांवर पडतात. तरुण पेशंटच्या लग्नाचं काय, असा प्रश्न असतो. झोप येत नाही हे बहुतेकांनी सांगितलं, आणि त्यावर काय करता, या रकान्यात अनेकांनी काहीच सांगितलं नाही. ती कोरी जागाही मी विश्लेषणात घेतली. अभ्यास चालू असतानाच यादीतले काही जण गेले, त्यांचे तक्ते अजून माझ्याकडे कुलपात आहेत.

पुढचं काम नेहमीचं. मास्टर शीट, टक्केवारी, काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी, प्रकरणं, बांधणी, नाशिकच्या विद्यापीठात प्रबंध जमा करणं, तोंडी परीक्षा. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ उजवीकडच्या रकान्यावर घेतला. तिथली उत्तरं मी तीन गटांत लावली होती: उपयोगाचे उपाय, निरुपद्रवी उपाय आणि घातक उपाय. 'कोणी सांगितलं' याची उत्तरं त्याशेजारी ठेवल्यावर दिसलं की घातक उपाय बहुधा प्रेमाच्या माणसांकडून आलेले आणि उपयोगाचे बरेचसे दुसऱ्या पेशंटकडून. एका युनिटचा अभ्यास, त्यावरून सगळीकडचं सांगता येणार नाही. एक निरीक्षण मात्र मला वारंवार दिसलं: ज्या घरात सगळ्यांचा स्वयंपाक एकाच पातेल्यात कमी मिठाचा होतो आणि इतर जण वरून मीठ घेतात, तिथला पेशंट सावरलेला असतो. जिथे त्याचं पातेलं वेगळं, तिथे तो चोरून खातो. याचा नीट तुलनात्मक अभ्यास व्हायला हवा, आणि तो स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारून व्हायला हवा.

प्रबंधाला जोडलेली माहितीपुस्तिका आता युनिटमध्ये देतो. पहिलं पान मिठाचं, दुसरं बाटलीचं. बाटलीवाल्या मामांना विचारून त्यांची पद्धत छापली, नाव मात्र त्यांच्या इच्छेने गाळलं. इन्चार्ज सिस्टरनी डायलिसिसच्या रोजच्या नोंदपत्रकात 'घरी काय केलं' असा रकाना वाढवून घेतला आहे. गर्दीच्या पाळीत तो कधी कोरा राहतो, पण बऱ्याचदा भरला जातो. पुस्तिकेची तेलुगू प्रत तयार आहे. कन्नड प्रत तपासून द्यायला अक्कलकोटकडचे एक निवृत्त शिक्षक पुढे आले आहेत, ते स्वतः आमच्याकडेच डायलिसिसला येतात. मिठाचं पान त्यांनी आधी मागून नेलं, आणि त्यात जोंधळ्याच्या पदार्थांची यादी कमी पडते म्हणून शेजारी पेन्सिलीने पाच-सहा पदार्थ लिहून परत पाठवलं आहे.